गंगेचा गडू आणि त्याचा संशय

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा गडू आहे आणि स्वभावाने संशयी आहे. माझ्या पोटात गंगेचं पाणी, तोंड कथलाने पक्कं बंद. घरात कुणाचा शेवट जवळ आला की मला उघडायचं आणि पाण्याचा थेंब त्याच्या तोंडात घालायचा, एवढंच माझं काम. म्हणून कुणी मला निरखून पाहिलं की मी मनात म्हणतो, आता कुणाची पाळी?

पुण्यातल्या तांबटाने मला ठोकून घडवलं. लीलावतीबाईंनी काशीहून मला भरून आणलं. सणासुदीला त्या मला चिंचेने घासत, आले-गेले कौतुक करत. बाईंचे यजमान गेले तेव्हा मात्र पक्कड सापडेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी तसाच बंद राहिलो.

मग बाई मुलाकडे, अनीशकडे, आयर्लंडमध्ये डब्लिनजवळ सिटीवेस्टला आल्या. तिथे माझी रवानगी स्वयंपाकघरातल्या कपाटात, कॉर्नफ्लेक्सच्या मागे झाली. मी काळा पडलो.

पुढे बाईंना बरा न होणारा कर्करोग निघाला. रेडिओवर तेव्हा एका कायद्याची चर्चा चालू होती. असाध्य आजाऱ्याने मागितलं, तर डॉक्टरांच्या मदतीने मरण घेता यावं का? ते सुरू झालं की अनीश आवाज कमी करायचा. तो आणि सूनबाई अस्मिता माझ्या कपाटापाशी इंग्रजीत कुजबुजायचे. मला सूनबाईंचा दाट संशय होता.

एका दुपारी अनीशने मला बाहेर काढलं आणि पकडीने माझं तोंड उचकटलं. तेवढ्यात बाई भिंतीला धरून आत आल्या आणि मला पाहून मटकन खुर्चीत बसल्या.

"इतकी घाई झाली तुम्हाला?"

"तसं नाही गं आई! बाबांच्या वेळी हा उघडलाच नाही. या वेळी तसं नको, म्हणून आधीच सैल करत होतो."

"आणि ती कुजबुज? कायदा कधी होतोय, तेच बघता ना?"

शेजारी उभी असलेली अस्मिता रडायलाच लागली. "आई, तुम्हीच नर्सला म्हणालात ना, कायदा झाला तर माझा नंबर पहिला लावा? तेव्हापासून मला झोप नाही."

"म्हणाले. रिपोर्ट आल्यापासून तुम्ही माझ्यासमोर मराठी बोलेनासे झालात. वाटलं, पोरं कंटाळली. त्यांच्यावर बोलायची वेळ नको, आपणच म्हणून टाकावं."

मला फार वाईट वाटलं. सूनबाईंवरचा माझा संशय गळून पडला, आणि बाईंच्या त्या मागणीवर येऊन बसला.

"उघडलाच आहेस तर दे एक घोट," बाई म्हणाल्या. "मग चहा टाक. आणि तो कायदा झालाच, तर मला परत विचारा. मराठीत विचारा. तेव्हा मी माझ्यापुरतं उत्तर देईन. हो म्हणेन, नाहीतर नाही म्हणेन."

मित्रांनो, कुणी 'मला आता जायचंय' म्हणालं, तर त्याचं ऐका. पण आधी जवळ बसा आणि हे तो कुणासाठी म्हणतोय, ते त्याच्याच भाषेत विचारा. एवढी काळजी माझ्यासारख्या संशयी गडूलाही कळते.

हल्ली मी बाईंच्या उशाशी असतो. उरलेल्या गंगेत अस्मिता रोज नळाच्या पाण्याची भर घालते. कुणी माझ्याकडे हात नेला की मी अजून दचकतो. बहुतेक वेळा बाईंना फक्त तहान लागलेली असते.