मनीनं घट खाल्ला

नवरात्राच्या सहाव्या माळेला सकाळी बबितानं देवघराचा पडदा सारला. घटाभोवती पेरलेला गहू चांगला चार बोटं वर आला होता, पण एका बाजूनं तो कुरतडून पार बुडाशी नेलेला. शेजारीच, ऐन देवीच्या पुढ्यात, घरातली मांजर मनी ओकून बसली होती. हिरव्या पात्या, फेस आणि केसांचा ओला गोळा.

शिरूर कासारजवळच्या त्या वस्तीवर घट म्हणजे नुसती पूजा नव्हे. दसरा झाला की निम्मी वस्ती कोयते घेऊन ऊसतोडीला निघते, आणि घट कसा उगवला त्यावरून बायका पुढचा हंगाम जोखतात. गेल्या साली घट विरळ उगवला होता. त्याच हंगामात डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवर चढताना बबिताचा नवरा शहादेव घसरला आणि हात मोडून बसला. योगायोग म्हणणारे म्हणोत बापडे. उरलेला हंगाम बबितानं एकटीनं ऊस तोडून काढला होता, तिला कुणी शहाणपण शिकवायला जाऊ नये.

"हिला आजच्या आज नदीपल्याड सोडून या," ती मनीकडं बोट करून नवऱ्याला म्हणाली.

"आन् वर्षीचं काय?"

प्रश्न खरा होता. वर्षाराणी त्यांची दहा वर्षांची लेक. दरसाल त्यांच्यामागं फडाफडांतून फिरताना तिची शाळा बुडायची. औंदा ती आजीपाशी राहायला कशीबशी तयार झाली होती, तीही एका बोलीवर: "मनी हाय तर मी ऱ्हाते." लेकीच्या हातात कोयता येऊ नये, एवढं एकच मागणं बबितानं घट बसवताना देवीला घातलं होतं.

"पळून गेली म्हनून सांगू. रडंल दोन दिस, मग इसरंल."

वर्षा शाळेत गेल्यावर शहादेवनं मनीला पोत्यात घातलं आणि सिंदफणेच्या पल्याड, परत वाट सापडणार नाही इतक्या लांब सोडलं. संध्याकाळी पोर "मनी, मनी" करत दारोदार फिरली. दुसऱ्या दिवशीही फिरली. जेवणावरून तिची वासनाच उडाली.

खंडेनवमीला सासू, चंद्रभागाबाई, तलवाड्याहून लेकीचं बाळंतपण उरकून आली. सगळं ऐकून म्हातारीनं कपाळाला हात लावला.

"अगं येडे, मांजर गवत खातंच. पोटात केस साचले की हिरवं खातंय, वकतंय, आन् मोकळं हुतंय. चांगलंच असतंय त्याला ते. आंगणात हिरवी काडी न्हाई, मग ते घटात तोंड न्हाई घालनार तर कुठं घालंल? मला एक फोन तर करायचा!"

बबितानं घटाकडं पाहिलं. कुरतडलेल्या जागी गहू पुन्हा वर आला होता, नीट शोधल्याशिवाय कळत नव्हतं. शहादेव मोटारसायकल काढून नदीपल्याड गेला आणि हाका मारून मारून हात हलवत परत आला. दाराआडून वर्षानं आजीचं सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

दसऱ्यानंतर मुकादमाचा ट्रॅक्टर आला. बोचकी, भांडी, कोयते चढले. पाहतात तर वर्षा आधीच ट्रॉलीत बसलेली, मांडीवर कपड्यांची पिशवी.

"उतर खाली, वर्षे. शाळा हाय न्हवं?" बबिता म्हणाली.

"न्हाई उतरायची. तुमीच मनीला सोडलं, आन् मला म्हनलाव पळून गेली. मग मी कावून ऐकू तुमचं?"

शहादेवनं तिचा हात धरून ओढलं. तिनं ट्रॉलीची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. म्हातारी खाली पदर तोंडाला लावून उभी होती.

बबिता वर चढली. दोन चापट्या देऊन पोरीला उतरवावं असं तिच्या मनात आलं, पण पोरीवर हात उचलायचा तिला हक्कच उरला नव्हता. हंगाम वाईट जाऊ नये म्हणून तिनं मांजर घालवलं, आणि ज्याची तिला सगळ्यांत जास्त भीती होती तेच आता ट्रॉलीत पिशवी घेऊन बसलं होतं.

"सरक जरा," ती म्हणाली.

वर्षा सरकली. आईच्या अंगाला अंग लागणार नाही, इतकी लांब सरकली.