चांगल्या चित्रासाठी राखलेला कागद

मित्रांनो, मी एक जुना, जाड आणि थोडा फुगलेला कागद आहे. जलरंगांचा कागद. माझा जन्म सुती चिंध्यांतून झाला. कुणाच्या सदऱ्याची बाही, कुणाच्या चादरीची कड. घराण्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखे नाही. चिंध्या कुटून लगदा केला, जाळीवर पसरला, दाबला, वाळवला आणि शेवटी अंगावर सरसाचा पातळ हात दिला. हा सरस म्हणजे आमची कातडी. तिच्यामुळे रंगाचे पाणी वर थांबते आणि कुंचल्याला ते हवे तिकडे नेता येते.

मला विकत घेतले नकाशेकाकांनी. एका कचेरीत जन्मभर इमारतींचे नकाशे काढून ते निवृत्त झाले होते. काकूंना काचबिंदू होता. औषध चालू होते, पण नजर कडेकडून आत मिटत चालली होती आणि गेलेली नजर परत येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. काकूंनी रडगाणे गायले नाही. एकच मागणी केली: मला दिसतंय तोवर माझं एक चित्र काढा. लवकर काढलंत तर सुरकुत्यांचा रंग वाचेल, असेही सुचवले.

काकांनी दुकानातला सर्वांत भारी कागद मागितला. तो मी. मोठ्या ऐटीत घरी आलो.

पण चित्राआधी जागा नको का? उत्तरेच्या खिडकीशी टेबल हवे, कारण तिथला उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. टेबल बुटके निघाले. सुताराने त्याचे पाय वाढवले, तर खुर्ची बुटकी ठरली. खुर्ची उंच केली, तर काकांचे पाय अधांतरी लोंबू लागले. मग पायांखाली ठोकळा आला. सुताराची इतकी ये-जा झाली की काकू त्याला भाऊजी म्हणू लागल्या. पिवळा दिवा जाऊन पांढरा आला. कुंचला धुवायला एक बरणी, स्वच्छ पाण्याला दुसरी; दोन्हींवर चिठ्ठ्या, जणू पाणी वाचूनच आत शिरणार होते.

तोवर मी कपाटात होतो. धूळ लागू नये म्हणून काकांनी मला प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टी लावली होती. मागे न्हाणीघराची भिंत. पट्टीचा एक कोपरा सुटला, तिथून ओल आत आली आणि बाहेर पडायचे विसरली. माझी कातडी सडू लागली. दिसायला मी पांढराशुभ्रच होतो. ओरडता आले असते तर ओरडलो असतो. पण कागदावर लिहिलेलेही लोक ऐकत नाहीत, कोऱ्याचे कोण ऐकणार?

काकू मधूनमधून विचारत. काका म्हणत, "अगं, एकदा जागा नीट लागली की बघच." त्यांचा तो 'बघच' मला फार लागे.

खरे सांगू? काका आळशी नव्हते, घाबरले होते. नकाशात भिंत चुकली तर खोडता येते. जलरंगात बायकोचे नाक चुकले तर ते तसेच राहते.

शेवटी एका सकाळी कशातच खोट सापडेना. काकांचा नाइलाज झाला. त्यांनी काकूंना हाक मारली. काकू भिंतीला हात लावत आल्या, खुर्ची चाचपून बसल्या आणि खिडकी कोणत्या बाजूला आहे, असे त्यांनी विचारले. घरात सवयीने वावरणाऱ्या काकूंची नजर किती गेली आहे, हे काकांना तेव्हा कळले. काकूंनी सांगितले नव्हते; उगाच तयारीत व्यत्यय नको म्हणून.

काकांनी मला घाईघाईने सोडवले. गालाचा पहिला रंग टेकला आणि मी तो गटकन पिऊन टाकला. थांबवायला कातडीच उरली नव्हती. गालाचा तांबूस रंग कानात शिरला, केसांचा करडा कपाळावर उतरला. काका टिपत राहिले, मी फुगत राहिलो. थोड्याच वेळात काकूंच्या जागी पावसात विसरलेली उशी दिसू लागली.

काका मला फाडणार होते. काकूंनी हात पुढे करून मला मागून घेतले आणि बोट फिरवले.

"ओलं आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे काढलंत खरं."

"बिघडलंय गं. काही ओळखू येत नाही."

"तुम्हाला येत नाही. मला सांगा, डोळे कुठे काढलेत?"

काकांनी त्यांचे बोट धरून माझ्यावर ठेवले. बोट तिथेच टेकून राहिले.

"उघडे आहेत ना?"

"उघडे आहेत," काका म्हणाले.

तिथे दोन डाग होते. मी गप्प राहिलो. कागदाला तेवढे जमते.

आता मी त्याच टेबलावर पडून असतो. पाहुणे जागेचे फार कौतुक करतात. मित्रांनो, तुमच्या कपाटात एखादा चांगला कागद असेल, तर त्याला आजच बाहेर काढा. जेवणाच्या टेबलावर बसा, फुटक्या कपात पाणी घ्या. आमच्यावर वाईट चित्र उमटले तरी आम्ही रागवत नाही. फक्त ज्याच्यासाठी आम्हाला आणले, त्याला ते दिसेल तोवर उमटू द्या.