हाय केलेलं नॉर्मल कोण करतं?

दुपारी लेक तनू झोपली की अर्पिताचा खरा दिवस सुरू व्हायचा. जेवणं उरकलेली असायची, सासूबाई ओसरीवर सूप घेऊन बसायच्या आणि पुढच्या खोलीत कॉम्प्युटर तिची वाट बघत असायचा. जाफराबादेतला धर्मराज फोटोवाला लग्नांचं शूटिंग पाठवायचा. हळद, अक्षता, पाठवणी असं सगळं कापून जोडून, त्यावर गाणी चढवून अर्पिता व्हिडिओ तयार करायची. शेवटी त्याची एक सलग फाईल करायला मशीन लावून दिलं की ते दुपारभर घरघरत राहायचं.

दिवाळीपर्यंत हे काम, हे मशीन आणि घरातलं कौतुक, तिन्ही तिचीच होती. मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि शिवकन्या आली.

शिवकन्या जांब समर्थची, गणित घेऊन बी.एस्सी. झालेली. हातावरची मेंदी उतरायच्या आत तिनं ऑनलाइन शिकवणी सुरू केली. मागं अर्पिताचा व्हिडिओ चालू असायचा आणि त्याच मशीनवर ही कानाला हेडफोन लावून, "आधी छेद समान करा रे," म्हणत बसायची. तेही चाललं असतं. पण झोपेतून उठलेली तनू डोळे चोळत सरळ काकीच्या मांडीवर जाऊन बसायची. आईसमोरून जायची, आणि आईकडं बघायचीसुद्धा नाही.

"लळा लावावा तर शिवकन्येनं," सासूबाई म्हणायच्या. "आमच्या अर्पीला कामातून सवड कुठंय?"

बोलणं साधंच होतं, पण अर्पिताला ते काट्यासारखं लागायचं.

त्यात तिचे व्हिडिओ रेंगाळायला लागले. नवरा, राधेश्याम, जेवता जेवता म्हणाला, "टास्क मॅनेजर उघड. चालू असलेल्या समद्या कामांची नावं दिसतील. तुझ्या प्रोग्रामवर उजवं बटण दाब, प्रायॉरिटी हाय कर. मंग मशीन आधी तुझं काम बघंल."

तिनं केलं, आणि काम झरझर झालं. दुसऱ्या दिवशी बघते तर पुन्हा नॉर्मल. तिनं पुन्हा हाय केलं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा नॉर्मल.

दिवसा घरात मशीनला हात लावणारं दुसरं कोण होतं? सासूबाई तर त्याच्याकडं पाठ करून बसायच्या.

"शिवकन्या, माझं काही बदलतेस का गं?"

"न्हाई ताई. मी वर्ग झाला की उठते."

फारच लवकर म्हणाली, असं अर्पिताला वाटलं. चोराच्या मनात चांदणं! मग तिला सगळीकडं तेच दिसायला लागलं. शिवकन्या हसली तरी ते आपल्यालाच हसली. सकाळी तनू कंगवा घेऊन "काकी, तू विंचर" म्हणाली, तेव्हा तर अर्पितानं हातातली पोळी तव्यावर करपू दिली.

एक दिवस धर्मराजचा फोन आला. "वहिनी, जल्दी करा. नवरीकडचे उद्या सकाळी पिंपळगाव रेणुकाईला चाललेत. त्याच्या आधी व्हिडिओ पायजे म्हणून राह्यले."

अर्पितानं व्हिडिओ लावून दिला आणि तनूचे कपडे वाळत घालून आली. तोवर शिवकन्येचा वर्ग सुरू झाला होता. तनू मांडीवर होतीच.

"सरक गं जरा. माझं बघायचंय."

शिवकन्या पोरीसकट बाजूला सरकली. अर्पितानं यादी उघडली. काल हाय केलेलं आज पुन्हा नॉर्मल! हायच्या वर आणखी एक नाव होतं, रिअलटाइम. त्यावर बटण दाबलं तशी एक इशाऱ्याची चौकट आली. ती न वाचताच अर्पितानं पुढं दाबलं. आता बदल म्हणावं!

आणि पडदा थिजला. चौकटीचौकटीतली मुलं होती तशी राहिली. कुणाचं तोंड उघडं, कुणाचं बोट नाकात. माउस हलेना, की आवाज येईना. "हॅलो, ऐकू येतंय का रे?" शिवकन्या दोनदा म्हणाली. तिचा चेहरा उतरला, आणि अर्पिताला बरं वाटलं. क्षणभरच, पण अगदी पोटातून बरं वाटलं.

मग ध्यानात आलं की तिचा स्वतःचा व्हिडिओही कुठवर आला ते कळेना. बरीच वाट बघून शेवटी बटण दाबून धरून मशीन बंद करावं लागलं. झालेलं सगळं गेलं.

"काम होतं तर सांगायचं होतं ना ताई," शिवकन्या म्हणाली. "मी मोबाईलवर घेतला असता वर्ग. आज नवीन दोघं आल्ते, शिकवणं बघायला."

"आणि तू रोज माझं बदलतेस त्याचं काय? हाय केलेलं नॉर्मल कोण करतं मग?"

ओसरीवरचं सूप थांबलं.

"मला ते काय असतंय तेच ठाऊक न्हाई," शिवकन्या म्हणाली आणि तनूला कडेवर घेऊन अंगणात गेली.

मशीन पुन्हा सुरू झालं. खोलीत एकटी अर्पिता होती. तिनं प्रोग्राम उघडून यादी पाहिली. नॉर्मल. तिनं स्वतः हाय केलं, स्वतः प्रोग्राम बंद केला आणि पुन्हा उघडला. नॉर्मल. पुन्हा करून पाहिलं, तरी नॉर्मल. बाहेर शिवकन्या फोनवर कुणाच्या तरी आईची माफी मागत होती. प्रोग्राम चालू असेतोवरच मशीन सांगितलेलं लक्षात ठेवत होतं. बंद केला की विसरत होतं. इतके दिवस कुणीच काही केलं नव्हतं.

राग करायला कारण उरलं नाही. राग मात्र जागचा हलला नाही.

ती अंगणात गेली. "शिवकन्या," हळूच म्हणाली, "कुणी बदलत नव्हतं गं. ते आपोआपच होतंय. माझी चूक झाली."

"मघाशी आत्याबाईंना ऐकू जाईल असं बोलल्या," शिवकन्या म्हणाली. "आता कानात सांगून राह्यल्या."

अर्पिता ओसरीवरच्या सासूबाईंकडं वळली. "आत्याबाई, शिवकन्येनं काही केलं नव्हतं. तिचा वर्ग मी बंद पाडला. मुद्दाम."

शेवटचा शब्द तिला म्हणायचा नव्हता. तो निघून गेला.

"मला वाटलं, डबडंच बिघडलं," सासूबाई म्हणाल्या आणि सूप हलवायला लागल्या.

"मुद्दाम का?" शिवकन्येनं विचारलं.

तनू तिच्या मंगळसूत्राशी खेळत होती. अर्पिता तिकडंच बघत म्हणाली, "ती उठली की तुझ्याकडं येते."

शिवकन्या बघतच राहिली. "अवो ताई, मंग न्या ना! एका हातात ही, दुसऱ्या हातात माउस. पोरांना जीभ काढून दाखवते, समदा वर्ग हसतो. तुमचं काम चालू असतंय म्हणून घेते मी. मला काय हौस आलीय?"

अर्पितानं हात पुढं केले. तनूनं काकीच्या खांद्यात तोंड खुपसलं.

दुखलं. पण तिनं ओढून घेतलं नाही.

"चल आत. पोरांना परत जोड," ती म्हणाली. आत जाऊन तिनं आपला व्हिडिओ पुन्हा लावला आणि या खेपेला प्रायॉरिटी नॉर्मलच्याही खाली नेली. चौकटी पुन्हा भरू लागल्या. आवाज बराबर येत होता, माउसही पळत होता, मागं व्हिडिओ हळूहळू पुढं सरकत होता. धर्मराजला उद्या दुपार सांगावी लागणार होती.

"आले का समदे?" अर्पितानं विचारलं.

"नवीन दोघांतला एकच आला," शिवकन्या पडद्याकडं बघत म्हणाली.

"दुसऱ्याच्या आईचा नंबर दे."

"मी माफी मागितली ताई. त्या म्हणाल्या, बघू."

"तू मागितलीस. मी न्हाई." अर्पितानं मोबाईल घेतला आणि दारात जाऊन उभी राहिली. पलीकडून फोन उचलला गेला.

"नमस्कार ताई. मी शिवकन्या मॅडमची मोठी जाऊ बोलतेय. मघाशी वर्ग बंद पडला ना, तो माझ्यामुळं…"