फीत सुटेपर्यंत

खोकं टेबलावरून फरशीवर पडलं, आत काहीतरी तुटल्याचा आवाज आला, आणि थोरलीला बरं वाटलं.

कप तिनंच केलेला होता. माती मळण्यापासून भट्टीतून काढेपर्यंत त्याला तिचाच हात लागला होता, तेव्हा खरं तर वाईट वाटायला हवं होतं. तिनं चाक थांबवून शेडच्या उघड्या दारातून पलीकडच्या खोलीत पाहिलं. मुद्दाम टाकून पाहिलेलं खोकं तिची धाकटी जाऊ गुडघ्यांवर बसून उघडत होती. आधी तिनं कप बाहेर काढला, मग कपाचा कान वेगळा काढला.

"पुन्हा कानच," धाकटी म्हणाली.

"कानच जाणार. बाहेर आलेला असतो, सगळा मार त्यालाच बसतो."

एवढं बोलून थोरलीनं चाक पुन्हा सुरू केलं. यावर उपाय काय, असं धाकटीनं विचारलं असतं तर तिनं मुळीच सांगितलं नसतं. पण धाकटीनं विचारलं नाही, आणि त्याचाही तिला राग आला.

दोघींचे कप ज्या ऑनलाइन दुकानावर विकले जात, तिथून सूचना आली होती. सरकारनं नवे नियम केले होते. घरपोच जाणाऱ्या मालाच्या खोक्यात आता उगाच रिकामी जागा ठेवायची नाही, प्लॅस्टिकचे बुडबुडे वापरायचे नाहीत, आणि नुसत्या शोभेसाठी एकही थर घालायचा नाही. महिनाअखेरपर्यंत ज्यांचं खोकं नियमात बसणार नाही, त्यांचा माल दुकानातून काढून टाकणार.

"बरोबरच आहे," सूचना वाचून थोरली म्हणाली होती. "एवढ्याशा कपामागे केवढा ढीग निघतो कचऱ्याचा. पृथ्वीचं काय होणार अशानं."

पृथ्वीची इतकी कळकळ तिला याआधी कधी वाटलेली कोणी पाहिली नव्हती. सासूबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे एकदा बघितलं आणि भाजी निवडायला घेतली.

खरं दुखणं वेगळंच होतं. धाकटी लग्न होऊन या घरात येईपर्यंत थोरलीचे कप ओळखीपाळखीतच खपत. ऑनलाइन विकायची कल्पना धाकटीची. फोटो तिनं काढले, ऑर्डरी तिच्याच फोनवर येत, आणि खोकी तीच भरायची. ती काय नुसती भरायची? रंगीत कागद, त्याच्या आत पातळ कागद, त्याच्या आत आणखी पातळ पांढरा कागद, आणि सगळ्यावर जांभळी फीत. लोक वेडे झाले. अभिप्राय यायचे, त्यात लिहिलेलं असायचं, कप छान आहे पण पॅकिंग तर काय सांगू. थोरलीनं भट्टीपुढे दिवसच्या दिवस घाम गाळायचा आणि जगानं फितीच्या गाठीचं कौतुक करायचं.

त्यात पुन्हा व्हिडिओ. गिऱ्हाईक बायका खोकं उघडतानाचे व्हिडिओ करून टाकत, आणि जेवणं झाली की सासूबाईंना ते बघायचं व्यसन लागलं होतं. "ये गं, नवीन आलाय," अशी हाक आली की थोरलीला जावं लागे. कोणी तरी परकी बाई त्या फितीचं टोक चिमटीत धरून हळूहळू ओढायची, डोळे मोठे करायची. फीत सुटली की थोरली उठायची. ओट्यावर काहीतरी उतू जातंय, माती वाळत आली आहे, काही ना काही निमित्त असे. पुढचं तिला बघवतच नसे. धाकटीच्या टेबलाकडेही ती फिरकायची नाही. तिथं त्या फितींची रिळं ओळीनं मांडलेली असत, आणि ती बघितली तरी तिचा जळफळाट व्हायचा.

तिची स्वतःची खूण एवढीशी होती. माती ओली असतानाच ती प्रत्येक कपाच्या बुडाला उजव्या हाताचा अंगठा हलकेच दाबायची. कोण कप उलटा करून बघतंय, असं तीच म्हणायची, आणि तरी एकही कप तिनं ठशाशिवाय सोडला नव्हता.

फुटका कान ओंजळीत घेऊन धाकटी शेडच्या दारात आली.

"ताई, कान जरा लहान करता येईल का? अंगाला धरून? म्हणजे लहान खोक्यात—"

"म्हणजे आता तुझ्या खोक्याचं माप घेऊन मी कप करू?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणतेस?"

धाकटीनं तो कान खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात कोणी उठायच्या आत थोरली चाकावर बसली आणि तिनं नेमकं तेच केलं. धाकटीनं सुचवलं म्हणून नाही, असं ती स्वतःला बजावत होती. तिला असा कप करायचा होता की गुंडाळायला काही उरणारच नाही. मग बघू कोण कशाचं कौतुक करतंय. बूड तिनं जड ठेवलं, काठ जाड केला, कान एका बोटापुरता आणि इतका अंगाशी की कप मुठीत धरला तर तो हाताला लागूही नये. रागाच्या भरात केलेलं काम बिघडतं म्हणतात. हे बिघडलं नाही. कप वाळले, भाजले, भट्टीतून बाहेर आले, आणि तिचं तिलाच कळलं की इतकं चांगलं काम आपल्या हातून पूर्वी झालेलं नाही.

पन्हाळी पुठ्ठ्याची एक पट्टी कपाभोवती गुंडाळली की तो खोक्यात गच्च बसायचा. तिनं दार लावून घेऊन खोकं आधी टेबलावरून टाकलं, मग स्टुलावर चढून टाकलं. कपाला काही झालं नाही.

दुपारी सगळे जेवायला बसले असताना तिनं ते खोकं टेबलाच्या मधोमध आणून ठेवलं.

"बघा. एक पट्टी, एक खोकं. फीत नको, कागद नको, नियमात चोख बसतं. यात आता काही कला लागत नाही. आईसुद्धा भरतील."

"मला नको ओढूस त्यात," सासूबाई म्हणाल्या.

धाकटीनं खोकं उचलून कानाशी हलवून पाहिलं. आत काही हललं नाही. मग उघडून तिनं कप हातात घेतला, कानावरून बोट फिरवलं.

"छान जमलंय, ताई," ती म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली. जरा तोंड वाकडं केलं असतं तर थोरलीला सोपं गेलं असतं.

त्या दिवशी धाकटीनं उरलेल्या फिती रिळांना गुंडाळल्या, रिळं एका पिशवीत भरली आणि पिशवी कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली. खोकी भरायचं काम आता थोरलीच उरकायची. पट्टी गुंडाळायची, कप कसा टेबलावर ठेवतात तसा सरळ आत ठेवायचा, झाकण लावायचं. त्याला वेळ तो कितीसा लागणार?

पुढच्या आठवड्यात धाकटीनं जेवताना सांगितलं, "एका मोठ्या गोदामात मला कामाला बोलावलंय. नव्या नियमांमुळे त्यांना कमी सामानात नीट भरणारी माणसं हवीत. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी आधी धाकटीकडे आणि मग थोरलीकडे बघितलं.

"छानच की," थोरली म्हणाली आणि पाण्याचा तांब्या आणायला उठली. तांब्या टेबलावरच होता.

शुक्रवारी दुपारी सासूबाईंची हाक आली. "ये गं, तुझ्या नव्या कपाचा आलाय."

थोरलीनं हात नीट धुतले, पुसले, आणि पहिल्यांदाच खुर्ची ओढून सासूबाईंच्या शेजारी ठाण मांडून बसली. पडद्यावरच्या बाईनं खोकं उघडलं, पट्टी सोडली, कप काढून टेबलावर ठेवला. "छान आहे," ती म्हणाली. "फोटोत जरा मोठा वाटला होता." तिनं त्यात चहा ओतला.

"संपला?" थोरलीनं विचारलं.

"संपला."

तेवढ्यात फोननं आपणहून पुढचा, जुना व्हिडिओ सुरू केला. पांढऱ्या केसांची एक बाई, मांडीवर खोकं, वर जांभळी फीत. फितीचं टोक सुटलं तशी सवयीनं थोरली उठायला लागली.

"थांब गं, ही मला आवडते," सासूबाईंनी तिचं मनगट धरलं.

त्यामुळे तिला बसावं लागलं. बाईनं रंगीत कागद काढला. मग पातळ कागद काढला. शेवटचा पांढरा कागद ती अगदी जपून बाजूला करत होती. कप आत उलटा ठेवलेला होता, आणि कागद सरताच सगळ्यात आधी दिसलं ते बूड, त्याच्या मधोमध अंगठ्याचा ठसा. बाई बोलता बोलता थांबली. मग तिनं आपला अंगठा त्या ठशात ठेवला.

"जिनं केला तिचा अंगठा असणार हा," ती म्हणाली. "बघा, माझा कसा बसतोय." तिनं हाक मारून आतून कोणा मुलीला बोलावलं, तिलाही अंगठा ठेवायला लावला. कप सुलटा करायची आठवण तिला बऱ्याच वेळानं झाली.

थोरलीचा उजवा हात मांडीवर होता. तिनं त्याचा अंगठा मुठीत मिटून घेतला.

"ही एकटीच असं करते?"

"एकटी कशी? सगळ्याच करतात. कोणी पोरांचे अंगठे लावतं, कोणी नवऱ्याचा. रोज तर दाखवते तुला."

"मी फितीच्या पुढे बघत नाही."

"मग इतके दिवस बघतेस तरी काय?" सासूबाई म्हणाल्या.

थोरली पलीकडच्या खोलीत गेली. धाकटी टेबल पुसत होती. कात्री, चिकटपट्टी, मोजपट्टी असं सगळं तिनं एका डब्यात घातलं होतं, आणि फोन शेजारीच ठेवलेला होता.

"कळवलंस त्यांना?"

"आता करतेच फोन."

"कप उलटा का ठेवायचीस?"

"अंगठा वर यायला," धाकटी म्हणाली. यात विचारायचं काय, असाच तिचा सूर होता. "कागद पातळ होत गेला की उघडणाऱ्याचा हात आपोआप हळू होतो. त्या वेळी दिसला की लक्षात राहतो."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही या टेबलाकडे कधी येतच नव्हतात, ताई."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. थोरली टेबलाला टेकून उभी राहिली. एक लांबलचक टेबल तिच्या डोळ्यांपुढे आलं, त्याच्याभोवती अनोळखी बायका, आणि त्यांच्यामध्ये धाकटी उभी, कोणाच्या तरी हातची वस्तू उलटीसुलटी करत, तिची चांगली बाजू कुठली ते शोधत. ती वस्तू करणाऱ्या त्या कोणाचा तरी थोरलीला हेवा वाटला.

"तिथले कप कोण करतं?"

"कुठले?"

"गोदामातले. तू भरशील ते."

"कोणास ठाऊक. कुठून कुठून येतात. मशीनवर होत असतील."

"म्हणजे अंगठा नसणार त्यांना."

"कुठला असायला?"

हे ऐकून थोरलीला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली. ती शेडमध्ये गेली. भट्टीतून काढलेल्या कपांची अख्खी फळी तिनं दोन्ही हातांनी उचलली आणि सांभाळत आणून धाकटीपुढे टेबलावर ठेवली.

"हे आजच जायचेत."

"एवढे?"

"एवढे. मला नाही जमत नीट. संध्याकाळपर्यंत वेळ लागेलच तुला." तिनं फळीवरचा एक कप पालथा केला. "आणि उलटे ठेव."

एवढं बोलून तिनं डब्यातून कात्री काढली, समोर स्टूल ओढून घेतलं आणि मान खाली घालून पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापायला बसली.

धाकटीनं फोन उचलून बघितला. त्या दिवशी ऑर्डरी दोनच आल्या होत्या. तिनं फोन बाजूला सारला आणि फळीवरचा पहिला कप हातात घेतला.