मॅडमची रिकामी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, घडीची लोखंडी खुर्ची आहे. एका लहानशा कारखान्यात माझे पाय वाकवले गेले, निळा रंग चढला आणि एकोणचाळीस बहिणींबरोबर ट्रकमध्ये बसून मी या कॉलेजात आले. बहिणी सभागृहात गेल्या. मला मात्र बास्केटबॉलच्या मैदानाकडेला, मुलींच्या संघाच्या प्रशिक्षक मॅडमसाठी ठेवले. मला केवढा अभिमान वाटला! खुर्चीसाठी माणसे एकमेकांचे पाय ओढतात आणि मिळाली की तिला चिकटून बसतात, असे मी ऐकून होते.

आमच्या मॅडम मात्र पहिल्या अकरा वर्षांत माझ्यावर एकदाही बसल्या नाहीत. सामना सुरू झाला की त्या कडेच्या रेषेजवळ येरझाऱ्या घालत. "अगं, चेंडूकडे काय बघतेस? तिच्या कमरेकडे बघ!" असे ओरडून त्यांचा घसा बसायचा, पण मॅडम बसायच्या नाहीत. माझ्या पाठीवर घामट टॉवेल आणि मांडीवर पाण्याच्या बाटल्या. नाव खुर्चीचे, काम खुंटीचे! जिंकल्यावर मुली माझ्यावर चढून नाचत. त्यातच माझा एक पाय वाकला.

पुढे मॅडमचा उजवा गुडघा सुजू लागला. डॉक्टरांनी फार वेळ उभे राहायला मनाई केली. त्यांना न्यायला येणारी धाकटी बहीण रोज कुरकुरायची, "ताई, ही खुर्ची काय शोभेला ठेवलीय?"

"मी बसले की प्राचार्य म्हणतील, बाई थकल्या, आता नवीन कुणीतरी बघा. हे काम गेलं तर मी करू काय गं?"

हे ऐकून मला फार वाईट वाटले. मॅडमना माझीच भीती वाटत होती.

त्या वर्षी उपांत्य सामन्याला प्राचार्य समोरच बसले होते. आम्ही चौदा गुणांनी मागे होतो. मॅडमनी खेळ थांबवून मुलींना बोलावले, पण गुडघा इतका ठणकत होता की त्यांना माझी पाठ धरावी लागली. कर्णधार मुलीने माझ्यावरचे टॉवेल आणि बाटल्या सरळ जमिनीवर ठेवल्या.

"मॅडम, बसा बघू. तुम्ही पडाल की काय, यातच आमचं अर्धं लक्ष जातंय."

मॅडम बसल्या. माझा वाकडा पाय करकरला, पण मी सगळे बळ एकवटून स्थिर राहिले.

बसल्यावर मॅडमना मुलींचे पाय दिसू लागले. समोरच्या संघातली उंच मुलगी डावीकडे वळण्याआधी टाच उचलत होती. मॅडमनी हे एका राखीव मुलीच्या कानात सांगितले आणि तिला मैदानात पाठवले. मग आमच्या मुलींनी चेंडू हिसकावण्याचा सपाटाच लावला. चौदाचे अंतर दोनवर आले आणि वेळ संपली. आम्ही हरलो.

प्राचार्य जवळ आले. मॅडम घाईघाईने उठू लागल्या.

"बसा, बसा," ते शेजारच्या बाकावर टेकत म्हणाले. "पुढच्या वर्षी सराव कधीपासून घ्यायचा, ते सांगा."

मॅडमनी पुढची सहा वर्षे माझ्यावर बसून संघ घडवला. आता त्या निवृत्त झाल्या आहेत आणि मी सामानाच्या खोलीत गंजते आहे.

मित्रांनो, खुर्चीवर नाचू नका, तिचा सैल स्क्रू वेळेवर आवळा. आणखी एक मागणे आहे. तुमच्या आसपास कुणीतरी दिवसभर उभे असेल. ते माणूस आपणहून बसणार नाही. त्याच्यामागे खुर्ची सरकवा आणि 'बसा' म्हणा. आम्हा खुर्च्यांना तेवढे बोलता येत नाही.