नदीकाठ, एकमतानं

चष्मेवाल्याच्या दुकानावर एक खोली होती. एरवी तिथं डोळे तपासत, पण महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी दुपारी ती वाइन-मंडळाच्या ताब्यात असे. भिंतीवर लहान लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता होता. चौथा ग्लास संपला की कुणीतरी हमखास उठायचं, तक्त्याची शेवटची ओळ वाचून दाखवायला जायचं आणि तोंडघशी पडायचं. मंडळात माणसं आठ. त्यांतली सात पक्की शौकीन, आणि आठव्या बाई.

बाई मुद्रितशोधक. एका छापखान्यात बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या वेलांट्या नीट करून निवृत्त झालेल्या. मंडळात त्यांना मागून ‘काना-मात्रा’ म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. वाइनमधलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, असं त्या स्वतःच सांगायच्या. लाल की पांढरी एवढं ओळखता येतं, तेही डोळे उघडे असले तर. मंडळात त्या आल्या नवऱ्याच्या मागून, आणि नवरा गेल्यावर राहिल्या त्या मंडळाच्या मासिक पत्रकापायी. ते पत्रक काढायचं काम गळ्यात घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

आज प्रदेश निवडायचा होता. दर वर्षी मंडळ द्राक्षांच्या मुलखातला एक प्रदेश ठरवायचं, वर्षभर तिथल्याच बाटल्या उघडायचं, आणि तोडणीच्या दिवसांत सगळे मिळून आठवडाभर तिथं जायचे. नकाशावरची लांबलचक नावं उच्चारताना जीभ अडखळायची, म्हणून प्रदेशांना घरगुती नावं ठेवली होती. या वर्षी तीन नावं आली होती: चुन्याचा उतार, काळा खडक आणि नदीकाठ.

बाईंना नदीकाठ हवा होता. नुसता हवा नव्हता, त्यासाठी त्यांचा जीव टांगणीला लागला होता. त्यांचे ‘हे’ विम्याचे सर्वेक्षक. बाईंनी नवऱ्याला जन्मभर ‘हे’च म्हटलं, नावाची गरज कधी पडली नाही. गारांनी बागांचं किती नुकसान केलं ते बघायला हे दर वर्षी नदीकाठी जात. आठ-दहा दिवस राहत, आणि येताना खोकाभर बाटल्या आणि चार-सहा ओळींचं टिपण घेऊन येत. अशी अकरा वर्षं. ‘मलाही न्या की एकदा,’ बाई म्हणायच्या. ‘तिकडे काय आहे? चिखल आणि कागदपत्रं,’ हे म्हणायचे. मंडळात नदीकाठाचं नाव निघालं की तिथंही हे मोडता घालायचे. म्हणायचे, अजून आपली जीभ तयार झालेली नाही. मग गेल्या वर्षी एका सकाळी दाढी करता करता ह्यांचं हृदय थांबलं, आणि जीभ तयार झाली की नाही ते सांगणारं कुणी उरलं नाही.

बाईंचं म्हणणं साधं होतं. घरात ज्या माणसानं भाजीला मीठ कमी आहे यापलीकडे मनातलं काही सांगितलं नाही, तो ज्या जागेबद्दल इतकं हळवं लिहायचा, ती जागा एकदा डोळ्यांनी बघायची. जमलं तर तो बसत असेल तिथं बसायचं, त्याच नदीकडे बघायचं. एकटीनं जायचं बळ अंगात नव्हतं. मंडळ गेलं तर त्या जाणार होत्या, नाहीतर या जन्मी ते व्हायचं नव्हतं.

कुणी विरोध करील असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

‘काळा खडक घेऊ या,’ रोपवाटिका चालवणाऱ्या मावशी घाईघाईनं म्हणाल्या. ‘तिथली माती मला बघायचीच आहे.’

‘नदीकाठी पायवाटा फार निसरड्या, वहिनी,’ दातांचे डॉक्टर म्हणाले. डॉक्टर ह्यांचे कॉलेजपासूनचे मित्र. ‘तुमचे गुडघे बघता—’

‘माझे गुडघे माझ्याबरोबर येतील. त्यांची काळजी तुम्ही नका करू.’

‘आणि उतरायला धड जागा नाही म्हणतात,’ चष्मेवाला म्हणाला. दुकान त्याचं, म्हणून अध्यक्षही तोच.

‘कोण म्हणतं? तुम्ही गेलाय कधी?’

‘मी नाही. डॉक्टर गेले होते ना एकदा, तुमच्या ह्यांच्यासोबत.’

डॉक्टरांनी लखलखीत ग्लास उचलला आणि फडक्यानं पुसायला घेतला. चष्मेवाल्याची बायको पावाचे तुकडे उगाचच सारख्या अंतरावर मांडू लागली. बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. अकरा वर्षं ह्या माणसाच्या बाटल्या घसा ओला करायला चालल्या, आणि आता त्याच्या आवडीच्या जागी आठवडाभर जायचं म्हटलं तर सगळ्यांना माती आणि गुडघे आठवले. माणूस डोळ्यांआड झाला की त्याची किंमत किती उरते, हे त्यांना त्या टेबलावर स्पष्ट दिसलं. निदान तसं त्यांना वाटलं.

‘माझं नका ऐकू,’ त्या म्हणाल्या. ‘ह्यांचंच ऐका.’ आणि त्यांनी पिशवीतून फाइल काढली.

फाइलीत ह्यांची सगळी टिपणं होती, पत्रकात छापलेली. हे सर्वेक्षणाच्या फॉर्मच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहायचे आणि जेवणाच्या टेबलावर टाकून झोपायला जायचे. बाई ते टंकून काढायच्या, तपासायच्या आणि मंडळाला पाठवायच्या. तपासायच्या म्हणजे आपल्या पद्धतीनं. छापखान्यात त्या मजकूर शेवटच्या शब्दापासून उलटा वाचत. ‘अर्थ मध्ये आला की चूक निसटते,’ असं त्या नव्या पोरींना शिकवायच्या, आणि बत्तीस वर्षांत त्यांच्या हातून निसटलेल्या चुका बोटांवर मोजण्याइतक्याच. ह्यांचं टिपणही त्यांनी कधी सरळ वाचलं नाही; शब्द हळवे आहेत एवढंच जाणवायचं. एकदा त्या थबकल्या होत्या. दुसऱ्या प्रदेशांबद्दल लिहिताना हे ‘हा माल’, ‘ही बाटली’ असं लिहीत, आणि नदीकाठाबद्दल मात्र नुसतंच ‘ती’. बाईंनी विचार केला, वाइन स्त्रीलिंगी, तेव्हा ‘ती’ बरोबर. समासात बरोबरची खूण करून त्या पुढं गेल्या होत्या.

आज पहिल्यांदाच त्या ते मोठ्यानं आणि सरळ वाचत होत्या.

‘“या वर्षी ती भेटायला जरा वेळच लागला. आधी गप्प गप्प होती, मग हळूहळू मोकळी झाली. घाई केली की रुसते. तासभर नुसतं समोर बसून राहावं.”’

बाईंनी मान वर केली. पटतंय ना, अशा चेहऱ्यानं त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळे आपापल्या ग्लासात बघत होते.

‘“गेल्या वर्षीपेक्षा अंगानं भरली आहे, आणि ते तिला शोभतं. वय वाढलं तसा गोडवा आला.”’

‘वहिनी, कळलं आम्हांला,’ डॉक्टर म्हणाले. ‘मतदान घेऊन टाकू.’

‘थांबा. पुढचं ऐका. “तिला घरी नेता येणार नाही. नेली तर ती ती राहणार नाही. ती तिथंच, त्या खिडकीपाशीच बरी.” बघा, हे स्वतः लिहितायत, तिथंच जायला हवं म्हणून.’

मावशींना ठसका लागला. चष्मेवाल्याची बायको उठून खिडकीशी गेली आणि रस्त्याकडे बघत उभी राहिली. बाईंनी पान उलटलं. आवाज सुरात लागला होता, आणि लागलेला आवाज चटकन थांबत नाही.

‘“परतताना गाडीत तिचा वास अंगाला येत होता. घर जवळ आल्यावर काचा खाली केल्या.”’

इथं बाईंनी स्वतःचा आवाज ऐकला. वाक्यात चूक एकही नव्हती. स्वल्पविराम नको होता, तो नव्हता. पूर्णविराम जागच्या जागी होते. आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा अर्थ मध्ये आला. बाटलीचा वास जायला घराजवळ काचा कोण खाली करतं? खोकाभर बाटल्या तर ते राजरोस घरात आणत होते.

त्यांनी पुढचं पान बघितलं. हे शेवटचं टिपण, ह्यांच्या शेवटच्या फेरीचं. मुळात ह्यांनी लिहिलं होतं, ती म्हणाली आता पुरे. बाईंना तेव्हा वाटलं होतं, निवृत्ती जवळ आली तसे हे कविता करायला लागले, बाटल्यांना बोलतं करायला लागले. हसू आलं होतं त्यांना, आणि जरा कौतुकही वाटलं होतं. नवऱ्यानं अवतरणचिन्हं घातली नव्हती, ती बाईंनी स्वतःच्या हातानं घातली. तिचं बोलणं तिच्या तोंडी नीट बसवून दिलं. मग प्रती काढून सगळ्यांच्या घरी पाठवल्या.

वाचणं मध्येच सोडलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं की बाईंना कळलं. म्हणून त्यांनी तेही वाचलं. ‘“ती म्हणाली, ‘आता पुरे.’”’ फाइल मिटून त्यांनी टेबलावर ठेवली आणि त्यावर हात ठेवला. त्यांना संताप आला होता, लाज वाटत होती, आणि सगळ्यात वाईट म्हणजे रडू येत होतं आणि ते ह्यांच्यासाठीच येत होतं.

मग चष्मेवाल्यानं घसा साफ केला. ‘नदीकाठाच्या बाजूनं कोण?’

सातही हात वर झाले. मावशींचा सगळ्यांत आधी. आता नाही म्हणायचं तोंड कुणाला होतं? ज्या माणसांनी दहा मिनिटांपूर्वी काळ्या खडकाची माती आणि निसरड्या वाटा काढल्या होत्या, ती आज्ञाधारक मुलांसारखी हात वर करून टेबलाकडे बघत बसली. बाईंच्या लक्षात आलं की मघाचा तो विरोध म्हणजे ह्या लोकांनी आपल्याशी केलेला एकुलता एक भलेपणा होता, आणि आपण तोही भांडून हाणून पाडला.

‘बाई, तुमचं मत?’ चष्मेवाल्यानं हळूच विचारलं.

त्यांनीही हात वर केला. इतिवृत्त त्याच लिहीत असत. वहीत त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, ‘नदीकाठ, एकमतानं मंजूर.’ तारीख घातली. मग गुडघे सांभाळत जिना उतरल्या.

मागोमाग डॉक्टर उतरले. खाली दुकान बंद होतं. दोघं काउंटरपाशी थांबली.

‘वहिनी,’ डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, ‘ती आता तिथं नसते. त्या शेवटच्या फेरीच्याच वर्षी गाव सोडलं तिनं. तुम्ही निर्धास्त चला.’

धीर द्यायला बोलले बिचारे. रोज लोकांचे दात उपटणारा माणूस, आता दुखणार नाही असं सांगायची सवय लागलेली.

‘नाव काय तिचं?’

‘कशाला आता?’

‘अकरा वर्षं सर्वनाम छापलं मी, डॉक्टर. नाम तरी सांगा.’

डॉक्टरांनी सांगितलं. चारचौघींसारखं नाव होतं. छापखान्यात बांधणी विभागात त्या नावाच्या दोघी होत्या. नाव ऐकल्यावर काहीतरी होईल असं बाईंना वाटलं होतं. काही झालं नाही.

‘सगळ्यांना ठाऊक होतं?’

‘मी कुणाला सांगितलं नाही. पण पत्रक... म्हणजे, ते वाचून ज्याचं त्याला समजत गेलं.’

‘आणि मग? हसायचात?’

‘छे, काहीतरीच काय. शपथेवर सांगतो, वहिनी, एवढ्या वर्षांत एकदाही कुणी हसलं नाही. पत्रक आलं की आम्ही विषय बदलायचो. तुमच्याबद्दल सगळ्यांना फार वाईट वाटायचं.’

बाईंनी फाइल या हातातून त्या हातात घेतली.

‘हसायला हवं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘तुमच्यातला एक जण जरी माझ्या तोंडावर हसला असता ना, तर मला पहिल्याच वर्षी कळलं असतं. तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते.’