दिवा लागला की पास

मी एक जुनी इंडक्शन शेगडी आहे, मित्रांनो. इतक्या वर्षांत माझ्यावर कपभर चहासुद्धा झाला नाही, तरी मी पार थकून गेले. हसू नका. नागपुरात सदरला बेकार पोरापोरींना दुरुस्ती आणि धंदा शिकवणारा एक वर्ग आहे, तिथे मी सरावासाठी ठेवलेली. नवीकोरी होते तेव्हा वाटायचं, कुणाच्या तरी घरी वरण शिजवू. कसलं काय!

धम्मानंद सर माझ्या पोटातली एक वायर सोडवून ठेवतात. मुलं ती जोडतात, माझ्यावरचा लाल दिवा लागतो, टाळ्या होतात, मूल पास. लगेच सर पुढच्यासाठी ती पुन्हा सोडवतात. बरं, वायर तरी बदलावी? नेहमी तीच! जुनी बॅच नव्या बॅचच्या कानात आधीच सांगून जाते. सर तरी काय करणार, एकटा माणूस आणि मुलं ढीगभर. त्यांचाही जीव मेटाकुटीला आलेला.

उमरेडची अपेक्षा अशीच पास झाली आणि तिनं बस स्टँडजवळ दुकान टाकलं. दिवाळीपर्यंत जम बसला नाही तर दुकान बंद, असं घरच्यांनी बजावलं होतं. पहिलं गिऱ्हाईक खानावळवाल्या मनकर्णाबाई. त्यांच्या बंद शेगडीची वायर अपेक्षानं जोडली, दिवा लागला, शेगडी देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा दारात. भात अर्धाकच्चा असताना शेगडी बंद पडली आणि जेवणारी माणसं उपाशी उठून गेली, म्हणाल्या. आता नीट कर, नाहीतर अख्ख्या उमरेडला सांगीन.

ती शेगडी पिशवीत घालून अपेक्षा एसटीनं सदरला आली. तिचा चेहरा इतका उतरला होता की मलाच गलबलून आलं.

"सर, मले शेगडी दुरुस्त करता येतच नाही," ती म्हणाली. "मले फक्त दिवा लावता येते."

सरांनी माझी वायर जोडली, स्टीलच्या पातेल्यात पाणी घेतलं आणि माझ्यावर ठेवलं. अगं बाई, काय सांगू! पाण्याला बुडबुडे आले, आणि मी बंद पडले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

अपेक्षानं मला उघडलं. मला गार ठेवणारा पंखा धुळीनं अडकून बसला होता, म्हणून तापले की मी बंद पडत होते. दिवा लागतोय म्हटल्यावर तिकडे कोण बघतो? तिनं ब्रशनं धूळ काढून पंखा मोकळा केला. पुन्हा पातेलं ठेवलं, तर पाणी खळखळ उकळलं. मग पिशवीतली शेगडी उघडली, तर तिचीही तीच गत. तीही साफ केली आणि पाणी उकळेपर्यंत अपेक्षा जागची हलली नाही.

"जाय, देऊन ये बाईले," सर हळूच म्हणाले. "पास त तू आज झाली."

आता मनकर्णाबाई स्वतःच तिच्याकडे गिऱ्हाइकं धाडतात म्हणे. दुकान टिकलं, बाई! मला फार बरं वाटलं.

इथे मात्र उद्या नवी बॅच येईल आणि माझं पोट पुन्हा उघडलं जाईल. उघडा, मित्रांनो, माझी ना नाही. फक्त झाकण लावल्यावर माझ्यावर मूठभर तांदूळ शिजायला ठेवत जा. थकायचंच आहे, तर रांधून थकू द्या मला.